होयबांची बेरीज

पायथनला विचारा, ‘ट्रू अधिक ट्रू किती?’ पठ्ठ्या डोळा न मिटता सांगतो, ‘दोन.’ हाच प्रश्न हॅस्केलला टाका. उत्तर नाहीच, वर फटकार: बूलची, म्हणजे ट्रू-फॉल्सची, बेरीज आमच्यात होत नाही, आधी टाइप सुधारून या. फंक्शनल प्रोग्रामिंगच्या घराण्यातलं हे सोवळं. ट्रू-फॉल्सना ते आकड्यांच्या पंगतीला बसू देत नाही.

सोवळ्याची टिंगल करण्यात मीही पुढे असायचो. मग आमच्याच एका प्रोग्रामने धडा दिला. ‘नग किती?’ या रकान्यात पूर्णांकच यावा, अशी तपासणी मी स्वतः लिहिली होती. एके दिवशी तिथे ‘पिशवी हवी का?’ या रकान्यातलं ट्रू घुसलं. तपासणीने पायथनला विचारलं, ‘हा पूर्णांक का?’ पायथन म्हणाला, ‘म्हणजे काय, घरचाच!’ आणि एका नगाचं बिल निघालं. चूक माझीच, पण पायथनने खोटं सांगितलं नव्हतं. २००३ साली आलेल्या २.३ आवृत्तीपासून त्याच्याकडे बूल हा इंटच्या, म्हणजे पूर्णांकाच्याच, पोटातला प्रकार आहे. एका डिक्शनरीत १ पुढे ‘एक’ आणि ट्रूपुढे ‘होय’ लिहून पाहा. नोंद उरते एकच: किल्ली १ ची, मजकूर ‘होय’. एकाच्या नावाचं घर, आत दुसऱ्याचा संसार.

पंगतवाल्यांची बाजूही लंगडी नाही. सोसायटीच्या सभेत हात वर झाले की ते मोजावे लागतातच. केनेथ आयव्हरसनने १९६२च्या पुस्तकात मांडलेल्या एपीएलच्या चिन्हलिपीत तुलनेचं उत्तरच ० किंवा १ येतं. बेरीज केली की किती जण अटीत बसले ते समजलं. सुटसुटीत काम.

पण ट्रू म्हणजे नेमका कोणता आकडा? व्हिज्युअल बेसिक म्हणतं, उणे एक. युनिक्सच्या शेलमध्ये काम फत्ते झाल्याची खूण शून्य. ज्या लॅम्डा कॅल्क्युलसला फंक्शनलवाले कुलदैवत मानतात, तिथे तर मजाच आहे. अलोन्झो चर्चच्या पद्धतीत ‘खरं’ म्हणजे दोनांतला पहिला घे, ‘खोटं’ म्हणजे दुसरा घे. शून्य म्हणजे सांगितलेलं काम एकदाही करू नको, दुसरी वस्तू आहे तशी परत दे. म्हणजे खोटं आणि शून्य अक्षरशः एकच फंक्शन! पण खरं आणि एक? ती दोन वेगळी. सोयरीक जुळली ती अर्धीच.

आणि ज्याच्या नावाने हा सगळा उत्सव, तो जॉर्ज बूल? १८५४च्या ग्रंथात त्याने ० आणि १ वापरले खरे, पण दारावर एक नियम उभा केला: क्ष चा वर्ग म्हणजे क्षच. शून्य आणि एक त्यातून सुखरूप आत जातात. दोनचा वर्ग चार, त्यामुळे दोन बाहेर. पायथनचं ‘दोन’ हे उत्तर खुद्द बूलच्याच उंबरठ्यावर अडकतं.

तेव्हा मोजा, जरूर मोजा. फक्त मोजतोय हे कोडमध्ये कबूल करा. हॅस्केल त्यासाठी ‘फ्रॉमइनम’ हा एक शब्द लिहायला लावतं. सोवळ्याची किंमत एवढीच. सभेतही हात वर करणं सभासदाचं, आकडा करणं सेक्रेटरीचं. उत्साहात दोन्ही हात वर करणाऱ्याला तो ऐकवतोच, ‘काका, मत एकच!’

बूलचा तो वर्गाचा नियम मराठी माणसाला वेगळा शिकवायला नको. आपल्याकडे ‘हो’ म्हणणारा एकदा होकार देतो. ‘हो हो’ म्हणणारा दोनदा देत नाही. बहुतेक वेळा एकदाही देत नाही.