बंदीचा भाव

ऑगस्ट 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. दुसऱ्या कशालाच भाव नाही, म्हणाला. पोलिसांनी ती प्रसिद्धीची नौटंकी ठरवली.

बुवाने मागितलं तेच चुकलं. गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचा नशेचा फुलोरा. धाग्यासाठी, बियांसाठी भांग लावायची सोय 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच आहे, कलम 14. सरकारच्या मनात आलं पाहिजे, एवढंच. उत्तराखंडच्या मनात 2018 साली आलं. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचं बी खायलाही मोकळं केलं. म्हणजे शहरातल्या फ्लॅटमध्ये ते कुरिअरने येऊन स्मूदीत पडू शकतं. शहराबाहेरच्या रानात परवान्याविना उगवलं, तर पंचनामा.

नियम म्हणजे नियम. पटत नसेल तर जालना रोडवरची एखादी टपरी बघा. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी. टपरीवाला इकडेतिकडे बघतो, हात फळीखाली जातो, पुडी वर येते. महाग का म्हणून विचारलं, तर शांतपणे सांगतो, "बंदी आहे ना, साहेब. भाव मिळतो."