पाहुणा येईपर्यंत थांबा

पुण्यात जन्मून पुण्यातच पेन्शनीत निघालेल्या गृहस्थांना शनिवारवाडा आतून शेवटचा कधी पाहिला असे विचारले, तर उत्तर बहुधा शाळेच्या सहलीपाशी जाऊन थांबते. वाड्यावर बोला म्हटले तर मात्र ते पाऊण तास थांबत नाहीत. 10 जानेवारी 1730 ला पाया, 1732 मध्ये वास्तुशांत, 1828 च्या आगीत आतले महाल खाक, सगळे तोंडपाठ. म्हणजे इतिहास माहीत आहे, वाडा तेवढा पाहायचा राहिला आहे. अस्सल गावकऱ्याची हीच ओळख आहे, असे माझे मत आहे. त्याच्या लेखी वाडा ही पत्ता सांगायची खूण. आगाखान पॅलेस म्हणजे नगर रस्त्यावरची एक कोंडी. कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्या त्याच आवारात आहेत, हे दिल्लीहून आलेला मेव्हणा सांगतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: वेळ कुठे आहे? जो माणूस पावसाळी रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर तीन तास गाडीत बसून दुसऱ्याच्या गाडीची मागची काच न्याहाळतो, त्याने वेळेचे नाव काढू नये. पैशांचेही तसेच. आठव्या शतकातले, राष्ट्रकूटांच्या काळातले, एकाच खडकात कोरलेले पाताळेश्वर भर जंगली महाराज रस्त्यावर आहे आणि त्याला तिकीट नाही. खरी अडचण निराळी आहे. पाहायला गेले की प्रश्न पडतात, आणि प्रश्न विचारायचा तर ‘मला ठाऊक नाही’ हे चारचौघांत कबूल करावे लागते. परगावच्या माणसाला अज्ञानाचा परवाना असतो. पुणेकराला तो जन्मतःच नाकारलेला असतो.

पाण्याचेच घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने वाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले. ना पंप, ना वीज. सगळा कारभार उताराचा. नळातली हवा सुटावी, गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून वाटेत जागोजागी मनोरे उभारले. त्यांना उच्छ्वास म्हणतात. इतका नेमका शब्द आज पाणीपुरवठ्याच्या एकाही निविदेत सापडणार नाही. पण नळाचे पाणी गेले की आपण महापालिकेच्या नावाने जो उच्छ्वास सोडतो, तेवढाच आपल्या परिचयाचा. जुना उच्छ्वास दिसला तरी आपण त्याला कसले तरी बांधकाम समजून पुढे जातो. थांबून विचारायची सोय नाही. कुणी ओळखीचे पाहिले तर?

कुणी म्हणेल, हे अन्यायाचे आहे. हेरिटेज वॉकला हल्ली पुणेकरांचीच गर्दी असते. असते, मान्य. पण त्यातले निम्मे वाटाड्याच्या चुका काढायला आलेले असतात, आणि हा पर्यटनाचा नव्हे, परीक्षकाचा धंदा झाला. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: रोजच्या रस्त्याकडे माणूस डोळे फाडून बघू लागला तर ऑफिसला पोचायचा कधी? खरे आहे, रोज नकोच. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून केळकर संग्रहालयात मांडून ठेवला आहे. तो आणि तिथले तऱ्हेतऱ्हेचे अडकित्ते बघायला वर्षातली एक दुपार पुरे.

तेव्हा उपाय सोपा आहे. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी आणि तोंडी हिंदी. मराठी चुकूनही नको, उच्चारावरून पेठ ओळखणारे लोक आहेत. पाताळेश्वराच्या गोल नंदीमंडपापाशी उभे राहून शेजारच्याला खुशाल विचारावे, ‘भाईसाब, यह किसने बनाया?’ शेजारचा पुणेकर असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या फलकाकडे पाठ करून न अडखळता सांगेल: पांडवांनी, एका रात्रीत.