‘सवय होईल’ म्हणणाऱ्या साहेबांस

प्रति,
कानाचं मशीन बसवून देणारे साहेब,
फर्निचर बाजाराजवळ, उल्हासनगर

विषय : आपल्या आदेशानुसार सवय करून घेत असल्याबाबत.



आपण बसवून दिलेली दोन्ही मशीनं उत्तम चालतात. पुरावा त्याच संध्याकाळी बदलापूर लोकलमध्ये मिळाला. उल्हासनगर सुटलं आणि डब्यातल्या भजनी मंडळाने गजर धरला. टाळकरी नेमका माझ्या खांद्याशी. पहिला ठोका कानात नाही, थेट दाढेत बसला. मशीनं उपटून खिशात कोंबली, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, “काका, देवाचं नाव सोसवत नाही का?” रात्री सूनबाईने तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, “सवय होईल.”

स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो. सवय होईल. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटतो. सवय होईल. ही ‘सात वाजले’ म्हणते आणि मी हात बघतो. त्याचीही होईल, संसार जुना आहे.

पण साहेब, टाळाची का व्हावी? अंबरनाथ एमआयडीसीत प्रेसवर उभी नोकरी काढलेला माणूस मी. कानाच्या आतल्या पेशी मेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही. मोठा मात्र पूर्वीइतकाच टोचतो. मधली सोसवेल अशी पट्टी चिंचोळी होते. म्हणूनच तुमच्या कॉम्प्युटरवर हळू आवाज किती वाढवायचा, मोठा किती, आणि काही झालं तरी ज्याच्या वर आत सोडायचं नाही ती हद्द, हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. ती हद्द ठरवायला माणसाला विचारावं लागतं, “आता सोसतंय का?” तुम्ही विचारलंत ते “कॅश की कार्ड?”

माझा ऑडिओग्राम भरलात, बटण दाबलंत, सॉफ्टवेअरने सरासरी कानाचा अंदाज बांधला, झालं सेटिंग! कानात बारीक नळी सारून पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजता येतं. ते यंत्र तुमच्या टेबलावर नाही. लाफिंग बुद्धा आहे. ही विद्या शिकवणारी अली यावर जंग संस्था 1983 पासून वांद्र्यात आहे, चंद्रावर नाही. मेंदूला नव्या आवाजांशी जुळायला काही आठवडे लागतात, कबूल. पण चुकीच्या सेटिंगशी त्याने का जुळवून घ्यावं?

सवयीचं म्हणाल तर ती मला आधी एकदा लावून झालीय. प्रेसच्या धडधडाटाबद्दल बोललो की फोरमनही हेच म्हणायचा, आणि कापसाचा बोळा हातावर ठेवायचा. आवाजाने येणारा बहिरेपणा तेव्हाच्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता; तो आढळला की डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचा असायचा. माझा कुणी कळवला? माझे कान त्या शेडमध्ये राहिले, आणि त्यांच्या बदल्यात मिळालेल्या फंडातून मी तुमचं बिल भरलं. आता पुन्हा ‘सवय होईल’ म्हणालात तर मी दुकानात टाळ घेऊन येईन.

खरं तर तुमचीही दया येते. शेजारच्या गाळ्यात दिवसभर करवत चालते, समोर आमच्यासारखे बहिरे, प्रत्येकाशी ओरडून बोलायचं, वर महिन्याचं टार्गेट. संध्याकाळपर्यंत तुमचा घसा बसलेला असतो. परवा मी बिलाबद्दल विचारलं तेव्हा तुम्हीच दोनदा “काय?” म्हणालात. दोन्ही वेळा करवत बंद होती. साहेब, तुमचे कान कधी तपासलेत?

शनिवारी येतो. हिला आणि स्टीलची दोन ताटं घेऊन येतो. ती बोलेल, मी ताटं आपटेन, तुम्ही कमाल आवाज खाली आणा, मी हात वर करेपर्यंत. आणि पावसाळ्यात मशीनं कोरडी ठेवायची सिलिका जेलची डबी द्यायची राहिलीय, बिलात मात्र लागलीय. तेवढी काढून ठेवा.

आपला,
बदलापूरचा एक ग्राहक