घोडं नेमकं कुठे अडतं?

मराठीत काम रखडलं की आळ घोड्यावर येतो. घोडं अडतं, घोडं पेंड खातं. स्वाराने पेंड खाल्ल्याचं मात्र ऐकिवात नाही. खरं तर घोडा शिकवणं ही बहुतांशी माणसाचीच शिकवणी असते. जमिनीवरचा पहिलाच धडा पाहा. मोहरकीच्या दोराला हलका ताण द्यायचा आणि घोड्याने पाऊल उचललं की त्याच क्षणी दोर सैल करायचा. घोडा शिकतो तो ओढण्यातून नव्हे, सोडण्यातून. पंचाईत अशी की ओढणं आपल्याला उपजत येतं, पण हाती आलेलं वेळेवर सोडायची आपल्याला सवय नाही. खुर्च्यांचा इतिहास काढून बघावा. पाऊल टाकूनही ताण तसाच राहिला, तर पाऊल टाकण्यात अर्थ नाही असा निष्कर्ष घोडा काढतो. तो अगदी तर्कशुद्ध असतो. आपण त्याला हट्ट म्हणतो. लांब दोरावर घोडा गोल फिरवण्याला आपल्याकडे कावा म्हणत. त्यात मधल्या माणसाला वाटतं, आपण घोडा फिरवतोय. तोही तेवढाच फिरत असतो.

खोगीर चढल्यावर तर स्वाराचं पितळ उघडंच पडतं. अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी तेवढ्याच जागी थरथरते. मग मांडीचा चुकीचा दाब त्याला कळणार नाही होय? नवा स्वार टाच मारतो, घोडा निघाला की घाबरून लगाम खेचतो, आणि तोल सावरायला पुन्हा टाचाच आवळतो. जा आणि थांब असे दोन्ही हुकूम एकदम मिळाल्यावर घोडा उधळतो, यात नवल ते काय; सरकारी कारकून निदान फाईल तरी बाजूला ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार हे नाव काय उगाच पडलं? आणि चारपाचशे किलोचं जनावर धाकाशिवाय ऐकेल कसं? पण वजनाचा मुद्दा उलटाच पडतो: एवढ्या जनावराशी जोराची स्पर्धा लावणाऱ्याचंच डोकं तपासायला हवं. शिवाय हे आजचे लाड नव्हेत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक झेनोफनने लिहून ठेवलं की, जबरदस्तीने करवून घेतलेल्या हालचालीत ना समज असते, ना डौल; नर्तकाला फटके मारून नाचवावं तशातला तो प्रकार. याचा अर्थ दोर कायमच सैल ठेवावा असाही नाही. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि भिऊन त्याला सोडून दिलं, तर सुटका कशी करून घ्यायची हे तो एका झटक्यात शिकतो. तो धडाही आपणच दिलेला.

बर्लिनचा हान्स नावाचा घोडा तर खुराने ठोके देऊन गणितं सोडवायचा. 1904 साली जाणत्यांच्या समितीलाही त्यात लबाडी सापडली नाही. पुढे मानसशास्त्राचा अभ्यासक ऑस्कर फुंग्स्टने ताडलं, की ठोके बरोबर आकड्याला आले की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि घोडा तेवढं पाहून थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, की घोडाही नापास. मग फुंग्स्ट स्वतः घोड्याच्या जागी उभा राहून ठोके देऊ लागला आणि समोरच्यांच्या मनातले आकडे त्यालाही ओळखता येऊ लागले. पण गुपित पुरतं ठाऊक असूनही हान्ससमोर स्वतःचं डोकं हलायचं काही त्याला थांबवता आलं नाही.