बसा, बडीशेप येतेय

आपल्याकडे हॉटेलात बडीशेप येते ती बिलाचा हात धरून. छोटी बशी, तीत बडीशेप आणि खडीसाखर, आणि खाली दबलेला तो घडीचा कागद. हा वास आला की पाय आपोआप टेबलाखाली चपला चाचपू लागतात. उडपी हॉटेल असो नाहीतर लग्नाची पंगत, बडीशेपेचं म्हणणं एकच: झालं ना, उठा आता. त्यामुळे रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरात रात्रीच्या जेवणानंतर सांबुका नावाच्या मद्याचा इवलासा पेला समोर आला आणि नेमका तोच वास नाकाशी आला, तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलोही होतो. वेटर दोन्ही हातांनी मला खाली बसवू पाहत होता. तिथे हा वास निघण्याचा नाही, रेंगाळण्याचा. जेवण संपतं, कॉफी संपते, पण गप्पा उरलेल्या असतात. त्या कोरड्या पडू नयेत म्हणून ही सोय.

सांबुका दिसते पाण्यासारखी, पण पेला कलता केला की पाकासारखी सावकाश सरकते. लिटरमागे किमान 350 ग्रॅम साखर आणि किमान 38 टक्के अल्कोहोल, असा युरोपातला नियमच आहे. एवढ्या गोडव्याआड दारू लपून जाते. आधी साखर, मग चक्रीफुलाचा दरवळ, आणि घोट उतरल्यावर, गाणं थांबलं तरी तंबोरा घुमत राहावा तशी छातीत उरलेली ऊब. थेंबभर पाणी घातलं तर आरपार पेल्यात घाटातला ढग उतरतो. बडीशेप, चक्रीफूल, इटालियन अनीस या सगळ्यांत अॅनेथोल नावाचं एकच सुवासिक द्रव्य असतं. ते अल्कोहोलात विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून हा दुधाळपणा. माझ्या जिभेला मात्र रसायनशास्त्राची गरज नव्हती. गोड्या मसाल्यावर वाढलेली ती जीभ. ‘परदेशी मद्य’ म्हणून बिचकत पुढे झाली आणि फडताळातलाच डबा उघडल्यासारखी हिरमुसली.

शेजारी मावशी होती. क्रूझच्या सहलीत तिनं अकरा दिवस चहाखेरीज कशाला हात लावला नव्हता. तिनं पेला लांबूनच हुंगला आणि म्हणाली, “अरे, हे तर ग्राइप वॉटर! चमचा चमचा पाजलंय तुला. प्यायलास की हसायचास.”

मी हसलो खरा, पण मावशीचं नाक वाटेल तिथे जात नाही. लुईजी मांझीनं याच चिव्हितावेक्कियात सांबुका विकायला काढली ती 1851 मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडात नॉटिंगहॅमला विल्यम वुडवर्डनं ग्राइप वॉटर तयार केलं: शेप्याचं तेल, सोडा, साखर, पाणी, आणि मूळ कृतीत 3.6 टक्के अल्कोहोल. एकाच वर्षी जगात दोन बाटल्या आल्या, एक पोट दुखणाऱ्या तान्ह्यांसाठी, दुसरी पोट भरलेल्या थोरांसाठी. निर्व्यसनी म्हणून नावाजलेल्या आमच्या घराण्यात पेला कुणी धरला नसेल. चमच्याची चौकशी कुणी केलेली नाही.

वेटरनं मावशीपुढेही पेला ठेवला आणि त्यात कॉफीचे तीन भाजके दाणे सोडले. तिथली रीतच आहे ती. दाण्यांना माश्या म्हणतात, आणि एक आरोग्याचा, एक सुखाचा, एक समृद्धीचा. मी हे सांगितल्यावर मावशी दाण्यांकडे बराच वेळ पाहत राहिली.

“त्याला म्हणावं, समृद्धी काढ. फ्लॅट आहे, पेन्शन आहे. त्याऐवजी आरोग्य दोनदा घाल.”

मी जमेल तसं समजावलं. वेटर जराही हसला नाही. लांब दांड्याच्या चमच्यानं त्यानं तिन्हींतला नेमका एक दाणा निवडून बाहेर काढला, बरणीतून दुसरा शोधला, दिव्यापुढे धरून नीट पाहिला आणि मावशीच्या पेल्यात सोडला.