करकर की कुरकुर?

तीस वर्षं मी मुद्रितं तपासली. एकेका वेलांटीसाठी नामवंत लेखकांशी वैर घेतलं. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना आवाज येऊ लागला, तेव्हा मला गाडीपेक्षा शब्दाची काळजी जास्त.

"करकर येतेय," मी म्हणालो.

"कुरकुर," शेजारून ही म्हणाली.

मागच्या सीटवरून चिरंजीवांनी कानातली बोंडं न काढताच "कटकट" असा निकाल दिला. तो आवाजाबद्दल होता की आम्हा दोघांबद्दल, याचा उलगडा अजून झालेला नाही.

करकर नव्या वहाणांची, कुरकुर पाळण्याची, हा फरक मी सिंहगड रस्त्यापासून स्वारगेटपर्यंत हिला समजावून सांगितला. ती म्हणाली, "मग पाळणाच वाजतोय." मुद्रितशोधकाच्या बायकोनं इतकं हट्टी असू नये.

त्या रात्री मी पॉवर स्टिअरिंग या विषयाचा अभ्यास केला. 1951 साली क्रायस्लरनं आपल्या इम्पीरियल गाडीत तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग बाजारात आणलं. तेल कमी झालं की पंप ओरडतो. बस, निदान झालं! पुढचा परिच्छेद वाचायची मला गरज वाटली नाही. दुसऱ्यांचे पुढचे परिच्छेद वाचण्यात हयात गेली, म्हणून असेल.

सकाळीच नाना पेठ गाठून तेलाची बाटली आणली. तेल छान लालभडक होतं. बॉनेट उघडलं. बरीच झाकणं होती, पण हातानं सहज उघडेल असं एकच. त्याच्यावर कारंज्याचं चित्र होतं. ते मला शुभचिन्ह वाटलं. बाटली रिकामी केली.

आवाज तसाच राहिला. मात्र दुपारी काचेवरची धूळ धुवायला पाणी मारलं, तर सगळ्या काचेवर रंगपंचमी. वायपरनं ती मन लावून डावीकडून उजवीकडे सारवली. मागचा रिक्षावाला जे म्हणाला त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी बाटली पाहिली, मला पाहिलं आणि पोराला पाणी आणायला पाठवलं. "काका, तुमच्या गाडीला तेलाचं स्टिअरिंगच नाही. हे करंटवर चालतं. खाली मोटार आहे." सुझुकीनं 1988 सालीच विजेचं पॉवर स्टिअरिंग गाडीत बसवलं होतं, हे मी नंतर वाचलं. पुढच्याच परिच्छेदात होतं.

"आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना? फुल कट मारल्यावर येतो की मधेच?"

मी म्हणालो, "करकर येते."

"ते झालं हो. पण कधी?"

"करकर," मी ठासून सांगितलं. शब्द बरोबर असला की बाकीचं आपोआप कळतं, अशी माझी श्रद्धा होती. शेवटी तेच गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. गतिरोधकावर गाडी आदळली तेव्हा त्यांनी विचारलं, "ही खडखड म्हणता का?" एव्हाना मी इतका खजील झालो होतो की कोणत्याही शब्दाला हो म्हणालो असतो. दोन्ही लिंक रॉड बदलले. 2,400 रुपये. रॉड खरोखरच ढिले झाले होते, त्यामुळे मिस्त्रींना बोल लावायला जागा नाही. खडखड थांबली. त्या शांततेत मूळ आवाज आता फारच सुस्पष्ट ऐकू येऊ लागला.

दुसऱ्या खेपेला ही बरोबर आली. मिस्त्रींनी तेच प्रश्न तिला विचारले. ती म्हणाली, "उभ्या गाडीतही येतो. थोडं वळवलं तरी येतो. सकाळी जास्त. आणि पायाशी येतो, चाकाशी नाही." हे सगळं तिला ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं, मी फक्त दुरुस्त करत होतो.

मिस्त्री खुलले. "चालत्या गाडीला फुल कट मारल्यावर कट-कट आलं असतं तर एक्सलचा जॉइंट. उभ्या गाडीत वळवताना टणकन वाजलं असतं तर शॉकअपवरचं बेअरिंग. तरी बघू." मग हिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून त्यांनी स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं, आणि स्वतः पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवून बसले. बेअरिंग अडकलं असेल तर स्प्रिंग हाताखाली उसळी मारते. नाही उसळली. मग ते दार उघडून पेडलपाशी उताणे घुसले. फक्त पाय बाहेर. आतून आवाज आला, "काकू, परत फिरवा... सापडलं!"

स्टिअरिंगचा दांडा जिथून इंजिनाच्या बाजूला जातो तिथे रबराचा एक बूट असतो, पाणी आणि धूळ आत येऊ नये म्हणून. तो कोरडा पडून दांड्यावर घासत होता. साधं ग्रीस लावायचं नाही, त्यानं रबर फुगतं, सिलिकॉनचं लावायचं. बोटभर ग्रीस, आणि गाडी गप्प.

"काकू, काय आवाज म्हणालात?"

"कुरकुर."

"बरोबर. कुरकुर म्हणजे रबर."

ट्यूबचे 150 रुपये झाले. मजुरी त्यांनी घेतली नाही. हिला चहा दिला. मला विचारायचं राहून गेलं असावं.

काचेच्या पाण्याची टाकी मी आतापर्यंत तीनदा धुतली. तरी पाणी मारलं की काचेच्या कडेनं एक गुलाबी ओघळ उतरतो. ही तो दर वेळी बघते. कुरकुर मात्र करत नाही.