खिडकीपलीकडची हजेरी

विद्यापीठाचा कारभार विद्यार्थ्याच्या हाती दिला तर काय होईल, या प्रश्नाचे जाणकारांचे उत्तर बहुधा ‘परीक्षा बंद आणि कँटीन रात्रभर चालू’ एवढ्यावरच संपते. परंतु हा प्रयोग युरोपात एकदा होऊन गेलेला असून त्यात बंद पडल्या होत्या त्या प्राध्यापकांच्या दांड्या. इटलीतील बोलोन्या विद्यापीठ, ज्याची स्थापना परंपरेने १०८८ सालची मानली जाते, ते मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघ चालवीत आणि त्यांचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई. (हाच शब्द महाराष्ट्रात वसतिगृहाच्या दाराशी रात्री घड्याळ बघत उभ्या असलेल्या गृहस्थांपुरता उरावा, हा इतिहासाचा स्वतंत्र विनोद होय.) तेथील प्राध्यापकास या रेक्टरच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे, तास उशिरा सुरू केला किंवा घंटेनंतरही लांबवला तर दंड भरावा लागे, आणि नियमित व्याख्यानास पाच श्रोतेही जमले नाहीत तर तो समोर उभा असूनही गैरहजर धरला जाई.

महाराष्ट्रातील विद्यार्थी इतका कठोर नाही. त्याच्या सुधारणांचे सूत्र एवढेच, की जो नियम खिडकीच्या अलीकडे लागू आहे तोच पलीकडेही लागू व्हावा. येथे खिडकी म्हणजे वारा आत येण्याची सोय नव्हे. विद्यापीठीय परिभाषेत ज्या फटीतून कागद आत जातो आणि ‘उद्या या’ बाहेर येते, तिला खिडकी म्हणतात. तिची काच खालच्या बाजूस अर्धवर्तुळाकार कापलेली असते, त्यामुळे अर्जदाराला कमरेत वाकूनच बोलावे लागते, आणि वाकून पाहिल्यावर दिसते ते बहुधा फायलींचे गठ्ठे, शाई वाळलेले स्टॅम्पपॅड आणि एक रिकामी खुर्ची, जिच्या पाठीवर स्वेटर अडकवलेला असतो. हा स्वेटर म्हणजे साहेब कार्यालयात ‘असल्याचा’ पुरावा होय. विद्यार्थ्याची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, की त्याचे नाव डिफॉल्टर यादीत लागते आणि त्याला पालकांना घेऊन यावे लागते. प्रस्तावित सुधारणेनुसार स्वेटरची हजेरी ग्राह्य धरली जाणार नाही आणि खुर्चीच्या मालकासही वडीलधाऱ्यांना घेऊन यावे लागेल. सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरलेल्यांचे वडीलधारे कोठून आणावेत, यावर मात्र विचार चालू आहे.

बोनाफाईड, म्हणजे विद्यार्थी हा त्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी असल्याचा दाखला, याबाबतची सुधारणा अधिक मूलगामी आहे. हा दाखला मिळण्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागते, आणि ओळखपत्र हरवल्यास नव्यासाठी बोनाफाईड जोडावे लागते. तेव्हा ज्याचे खरोखरच काही हरवले आहे त्याच्यासाठी या व्यवस्थेत दार नाही, ही बाब विद्यार्थ्यांतूनच आलेल्या नव्या कुलगुरूंच्या प्रथमच लक्षात येईल, कारण त्यांचे ओळखपत्र बसमध्ये हरवलेले असेल.

निकालाचा विषय मात्र थोडक्यात आटोपता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ असे सांगतो, की निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपलीकडे जाऊ नये. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. परीक्षेचा फॉर्म एक दिवस उशिरा भरणाऱ्या विद्यार्थ्यास लेट फी आणि आणखी काही दिवसांनी सुपर लेट फी पडते. नव्या राजवटीत शेहेचाळिसाव्या दिवसापासून हीच सुपर लेट फी विद्यापीठ विद्यार्थ्यास देईल. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले, तर मूळ परीक्षकाला त्या विषयात एटीकेटी लागेल, म्हणजे राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढे जाण्याची मुभा मिळेल. पदोन्नती अडणार नाही, पण ऑक्टोबरमध्ये पेपर पुन्हा द्यावा लागेल.

हे सारे विद्यार्थी परिषदेने पूर्वीच का सुचवले नाही, असे विचारले जाईल. १९९४ च्या कायद्याने या परिषदेवर निवडणुकीऐवजी गुणानुक्रमे नेमणुका सुरू केल्या, म्हणजे ज्याला पुनर्मूल्यांकनाच्या खिडकीशी जन्मात जावे लागले नाही तोच तिच्यासमोरच्या रांगेचा प्रतिनिधी ठरला. २०१६ च्या अधिनियमाने निवडणुका परत आणल्या, निदान कागदावर तरी.

बोलोन्यातील विद्यार्थ्यांचे राज्य हळूहळू लयास गेले त्याचे एक मोठे कारण असे, की पूर्वी विद्यार्थीच प्राध्यापकांना मानधन देत, ते पुढे नगराने देण्यास सुरुवात केली आणि पैशाबरोबर लगामही नगराकडे गेला. महाराष्ट्रातील विद्यार्थी पैसे आजही भरतो आहे, आणि तेही ऑनलाईन. खात्यातून रक्कम तत्काळ कापली जाते, पावती येत नाही, आणि पडद्यावर संबंधित विभागाशी संपर्क साधण्याची सूचना उमटते. संबंधित विभाग खिडकी क्रमांक चारच्या मागे असून स्वेटर जागेवर आहे.